सव्वाअकरा इंच

माणूस दुकानाच्या दारातून आत आला की त्याचा खांदा किती इंचांचा आहे हे मला टेप न लावता कळतं. ही बढाई नाही, तेवीस वर्षांचा धंदा आहे. टेप लावते ती गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. पोट आत ओढून उभे राहणारे पुरुष आणि जुनं माप सांगून "तेच असेल अजून" म्हणणाऱ्या बायका, दोघांच्याही मापात मी गुपचूप दोन इंच वाढवून ठेवते आणि कपडा बरोबर बसतो. बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे की आमच्या मास्तरची नजर म्हणजेच टेप. मला ते मास्तरच म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं. पुढे जे झालं ते ह्या आवडण्यापासूनच सुरू झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

दुकान तळमजल्यावर, आम्ही बापलेक राहतो पाचव्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. गच्चीच्या कोपऱ्यात बाबांची कबुतरांची ढाबळ आहे. लाकडी फळ्या, जाळीचं दार आणि आत अकरा कबुतरं. एके काळी साठ होती. तेव्हा बाबा नोकरी सांभाळून शर्यतींना कबुतरं पाठवायचे, आणि आई म्हणायची की ह्या माणसाने मुलगी पाहायला आल्यावर आधी आमची गच्ची पाहिली. मग आई गेली, कबुतरं कमी झाली आणि बाबांचे डोळेही गेले. एकदम नाही गेले. आधी नजरेच्या मधोमध एक डाग पडला आणि तो पसरत गेला. आता त्यांना उजेड कळतो, दार उघडं आहे की बंद ते कळतं, समोर कुणीतरी उभं आहे हे कळतं. कोण, ते तो बोलल्यावर. पुढे काही करता येणार नाही असं डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं, आणि आम्ही त्यांचे आभार मानून घरी आलो.

त्यानंतरही कबुतरं रोज संध्याकाळी पाचला सुटायची. बाबा खुर्ची टाकून मान वर करून बसायचे आणि ऐकायचे. आज कोण पुढे आहे, कोण रेंगाळतंय, कुणाचा पंख दुखतोय, सगळं पंखांच्या आवाजावरून सांगायचे. मला वाटायचं म्हातारा थापा मारतोय. एकदा दोन कबुतरं मुद्दाम आत ठेवली. पहिल्याच फेरीला म्हणाले, "नऊच आहेत. कुणाला कोंडलंस?" त्यानंतर मी परीक्षा घेण्याच्या भानगडीत पडले नाही.

अकरांपैकी दहा राखाडी, आणि एक पांढरी, उजव्या पंखावर तपकिरी चौकोन असलेली. तिचं नाव ठिगळी, ते मीच ठेवलं होतं. अंड्यातून निघाल्यावर तिला तिच्या आईबापांनी टाकून दिलं होतं, तेव्हा आमच्या आईने तिला बटणांच्या पत्र्याच्या डब्यात चिंध्यांवर ठेवून वाढवलं. दर दोन तासांनी भरवायची. पुढे आई आजारी पडली तेव्हा ठिगळी खिडकीत येऊन बसायची, आणि आई गेल्यावर बाबांच्या हातावर बसायला लागली. बाबा तो डबा वाजवायचे, आतल्या बटणांचा आवाज झाला की ठिगळी असेल तिथून निघून सरळ त्यांच्या तळहातावर उतरायची. बाकीची कबुतरं बाबा ऐकायचे. हिला ते हाताने पाहायचे, चोचीपासून शेपटीपर्यंत, रोज. आईने वाढवलेलं घरात आता मी आणि ठिगळी एवढंच उरलं होतं, आणि माझ्यावर कुणी असा हात फिरवत नव्हतं, हेही खरं.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात समोरच्या आठ मजली इमारतीच्या टाकीवर एक पक्षी येऊन बसायला लागला. मी बाबांना सहज म्हटलं की टाकीवर कसलीतरी घार बसते. बाबा खुर्चीत ताठ झाले. घार एका जागी अशी बसून राहत नाही, म्हणाले, नीट बघ आणि सांग.

इथून आमचा खेळ सुरू झाला. पाहणार मी, आणि पक्ष्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. ओळखणार ते, आणि त्यांना दिसत नाही. बाबा एकेक प्रश्न विचारत गेले आणि मी कठड्याला टेकून उत्तरं देत गेले. पाठ कसली? तपकिरी. छातीवर रेघा आहेत का? आहेत. आडव्या की उभ्या? उभ्या. मग ह्याच वर्षीचं पिल्लू आहे, म्हणाले. शेपूट? लांब, चांगली खाली आलेली. आणि अंगाने केवढा?

इथे मी खुशीत आले. माप म्हणजे माझं काम. पक्ष्याच्या शेजारीच टाकीतून बाहेर आलेला पाण्याचा पाइप होता. एक डोळा मिटून पाहिलं, पाइपाच्या जाडीच्या साडेचार पट पक्षी. आमच्या गच्चीवरचे असले पाइप अडीच इंची आहेत. मनात गुणाकार केला आणि सांगितलं, "सव्वाअकरा इंच. पाव इंचाचासुद्धा फरक असणार नाही."

बाबा हसले. पारव्याएवढा, लांब शेपटीचा, उभ्या रेघांचा. म्हणाले, "शिक्रा. त्याला मी ओळखून आहे."

आणि ते खरंच ओळखून होते. चाळीस वर्षांत बाबांची जितकी कबुतरं गेली ती सगळी शिक्र्यानेच नेलेली. त्यांनी मला त्याची जन्मकुंडलीच वाचून दाखवली. शिक्रा लपून बसतो. झाडाच्या, भिंतीच्या आडून खालच्या खाली येतो आणि एका झडपेत नेतो. लांब पाठलाग करायचा त्याला दम नाही. कबुतरं वर चढली की तो हात चोळत बसतो. आणि बसायची जागा सोडून गेला की गेला, मग तासभर काळजी नाही. तेव्हा उपाय सोपा. कबुतरांना गच्चीभोवती खाली घिरट्या घालू द्यायच्या नाहीत, सुटली की थेट वर काढायची, जितकी उंच तितकी सुरक्षित.

उंच काढायचं काम माझं. लांब बांबूला फडकं बांधून मी ते हलवायची आणि कबुतरं वर वर जायची. चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी बाबांनी आणखी वर काढायला सांगितलं, आवाज पुसट होईपर्यंत. मी खांदे दुखेस्तोवर बांबू हलवला. टाकीवर कुणी नव्हतं. मी मान मागे टाकून पाहिलं, तर अकरा ठिपके एकत्र वळत होते आणि त्यांतला पांढरा ठिपका उन्हात चमकत होता.

मग आवाज आला. जाड मांजरपाट दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडावं तसा, आणि तो वरून खाली येत गेला. पाठोपाठ एक धप्प. ठिपके चारी दिशांना उधळले आणि मधोमध पिसांचा पुंजका तेवढा राहिला. एक काळी आकृती त्याच्या खालून वळून आली आणि पडणारं कबुतर तिने हवेतच उचललं. हे सगळं व्हायला मला बांबू खाली ठेवायला लागला तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

बाबा उभे राहिले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा शिक्रा नाही," ते म्हणाले. "शिक्रा खालून येतो. हा वरून आला. बहिरी ससाणा आहे हा."

हा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, विशीत असताना, त्यांच्या उस्तादांच्या गच्चीवर. आकाशात त्याच्याइतक्या वेगाने दुसरं काही येत नाही, असं उस्ताद म्हणाले होते. त्यांनी त्याच दिवशी ढाबळ बंद केली आणि उन्हाळा लागेपर्यंत उघडली नाही. शिक्र्याचं बाबांना सगळं ठाऊक होतं आणि ससाण्याचं एवढंच. शिक्र्यापासून वाचायला आम्ही कबुतरं उंच काढली होती, आणि उंचावरच तर ससाणा शिकार करतो. त्याच्या पुढ्यात ताट वाढून ठेवलं ते माझ्या बांबूने.

अंधार पडेपर्यंत एकेक कबुतर परत आलं. बाबांनी आत हात घालून प्रत्येकाला चाचपलं. नऊ. एक आमच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, ते राखाडी होतं हे मी पाहिलं होतं. दहाव्याच्या जागेवर बाबांचा हात बराच वेळ थांबला. ठिगळी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीचा प्लंबर पॅन्टची उंची कमी करून घ्यायला आला. टाकीचा पाइप किती इंची आहे हो, मी विचारलं. चार इंची, तो म्हणाला, आठ मजल्यांना अडीच इंची कसा पुरेल, बाई. मी पॅन्टला टाचणी लावता लावता हिशेब केला. साडेचार चोक अठरा. कावळ्याहून मोठा पक्षी, आणि मी त्याचा पारवा करून ठेवला होता. टाचणी बोटात गेली ती कळलीसुद्धा नाही.

शेपटीचंही तसंच. त्या दिवसापासून मी दुर्बीण मागून आणली आणि डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले, तेव्हा दिसलं की शेपूट लांब नव्हतीच. बसल्यावर त्याचे मिटलेले पंख शेपटीच्या टोकापर्यंत येतात, मी दोन्ही मिळून एकच शेपूट मोजली होती. आणि डोळ्याखालून गालावर काळा ओघळ होता, मिशीसारखा. पहिल्या दिवशी तो मला दिसला होता. मी त्याला सावली समजले आणि बाबांना सांगितलाच नाही. बाबांनीही पुढचं विचारलं नव्हतं, कारण सव्वाअकरा इंच ऐकल्यावर त्यांच्या लेखी प्रश्न संपला होता. मी हे सगळं त्यांच्यापुढे कबूल केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की मीच आणखी विचारायला हवं होतं, आणि वर मलाच जेवायला वाढायला लागले, सांडत, चाचपडत.

मग मी जमेल ते करून पाहिलं. समोरच्या वॉचमनला म्हटलं, वर जाऊन त्याला हुसकून लावा. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी मुलीकडे गेलेले. वॉचमनची स्वतःची तक्रार वेगळीच, रोज पायऱ्यांवर पिसं पडतात आणि झाडायला तो एकटा. पक्ष्यांच्या सरकारी कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी फार कौतुकाने ऐकून घेतलं, हा पाहुणा हजारो मैलांवरून येतो, त्याला त्रास देणं गुन्हा आहे, थंडी संपली की आपणहून जाईल, तुम्ही नशीबवान आहात. मी फोन ठेवला आणि नशीबवान बाई शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली.

उरलं एकच, त्याच्यावर नजर ठेवणं. मापांच्या वहीत एका पानावर मी ससाणा टाकीवर कधी बसतो आणि कधी उडतो ते लिहायला लागले. वॉचमन पिसं कधी पडली ते सांगायचा, ते दुसऱ्या पानावर. सकाळी खाऊन आला की त्याचा गळा फुगलेला असायचा, एक पाय पोटाशी घेऊन तो तासन् तास बसायचा. अशा वेळी रस्त्यावरचे पारवे त्याच्या नाकासमोरून जायचे आणि तो मानसुद्धा वळवायचा नाही. मला ते विचित्र वाटलं, पण लिहून ठेवलं. बाबा रोज पाचला गच्चीवर येऊन बसायचे. ढाबळ बंद, आकाश गप्प. डबा मांडीवर असायचा, पण ते वाजवायचे नाहीत. ठिगळी जवळपास असली तर डबा ऐकून उघड्यावरून येईल आणि ससाणा तिला उचलेल, अशी त्यांना भीती. आतलं एकही बटण चुकून वाजू नये म्हणून दोन्ही हात त्याच्यावर असायचे.

सहाव्या दिवशी सकाळी आठला ती मला दिसली. आमच्या इमारतीलगतच्या मैदानापलीकडे छापखाना आहे, त्याच्या छपराच्या वळचणीला पांढरं काहीतरी अंग चोरून बसलं होतं. दुर्बीण लावली तर पंखावर तपकिरी चौकोन. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचे डब्यावरचे हात घट्ट झाले. छापखाना ते आमची गच्ची, मधे तीनशे फूट मोकळं मैदान, ना झाड ना भिंत. आणि ससाणा टाकीवर बसलेला.

"कसा बसलाय?" बाबांनी विचारलं.

एक पाय वर, गळा फुगलेला, डोळे अर्धवट मिटलेले.

"म्हणजे पोट भरलंय. भरलंय ना, मास्तर? तू सांगशील तर आत्ता बोलावतो तिला."

मला दिसत होतं की भरलंय. फुगवटा चांगला लिंबाएवढा होता. पण एकदा माझी नजर चुकली होती आणि त्यात एक जीव गेला होता, दुसरा वळचणीला बसला होता. पिसं फुगली असतील तर? उन्हामुळे तसं दिसत असेल तर? तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माप विचारलं आणि माझ्या तोंडातून आकडा निघेना.

"मला नाही सांगता येत, बाबा."

ते अगदी हळू म्हणाले, अंदाजाने सांग. मी मान हलवली आणि मग आठवलं की त्यांना मान हलवलेली दिसत नाही. मी म्हटलं, तो उडून जाईपर्यंत थांबू या. जागा सोडून गेला की रस्ता मोकळा, तुम्हीच म्हणता ना. बाबांनाही ते पटलं. त्यांनी जन्मभर तेच पाहिलं होतं.

दुकान उघडलं नाही. दोघं गच्चीवर बसून राहिलो. ससाणा हलेना आणि ठिगळीही हलेना. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. बाबांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. दर थोड्या वेळाने विचारायचे, आहे? मी म्हणायची, आहे. त्यांना दोघांबद्दल विचारायचं असायचं आणि माझं उत्तरही दोघांबद्दल असायचं. दोनच्या सुमाराला ससाण्याचा गळा सपाट दिसायला लागला. साडेतीनला त्याने दुसरा पाय खाली घेतला, अंग झटकलं, मान वाकडी करून आकाशाकडे पाहिलं. चारला सात मिनिटं असताना तो उडाला, आणि इमारतीच्या मागे दिसेनासा झाला.

जिवात जीव आला. दहा मिनिटं मी दुर्बिणीने सगळ्या गच्च्या, सगळ्या टाक्या, सगळे खांब पाहिले. कुठेही बसलेला नव्हता.

"गेला," मी म्हटलं. "बाबा, वाजवा."

बाबा उठून कठड्यापाशी गेले. डावा हात पुढे पसरला आणि उजव्या हाताने डबा वाजवायला सुरुवात केली. सहा दिवसांचं सगळं साठलेलं त्या हातात होतं. बटणांचा नुसता खणखणाट झाला. मैदानापलीकडे ठिगळीने मान वर केली. आणि निघाली, शहाण्या मुलीसारखी, सरळ रेषेत आमच्याकडे.

तेव्हा मला वही दिसली. ती कठड्यावर उघडी पडली होती, वाऱ्याने एक पान अर्धवट उचललं गेलं होतं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी दिसत होती. टाकी रिकामी, सात दहा. पिसं पडली, सात तीस. टाकी रिकामी, चार, पिसं, सव्वाचार. रोज तेच. सहा दिवस मी दोन पानांवर वेगवेगळं लिहीत होते आणि कधी शेजारी ठेवून वाचलं नव्हतं. ससाणा बसलेला असतो तोवर भीती नाही. टाकी रिकामी झाली की तो वर असतो, शिकारीला. आम्ही सकाळपासून त्याला भूक लागायची वाट पाहत बसलो होतो.

मी ओरडले असेन, पण डब्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ठिगळी मैदानाच्या मध्यावर आली होती. वर पाहिलं तर सूर्याच्या बाजूने एक बारीक काळं टोक खाली येत होतं. पंख अंगाशी मिटलेले, जणू कुणी वरून कात्री सोडली आहे. मी बाबांचा दंड धरला. त्यांना वाटलं मी आनंदाने धरलाय. त्यांनी डबा आणखी जोरात वाजवला.

मांजरपाट फाटल्याचा आवाज झाला असणार. बटणांच्या गोंगाटात तो बाबांपर्यंत पोचला नाही. मैदानावर थोडी पांढरी पिसं तरंगत राहिली, आणि त्यांत एक तपकिरी.

बाबांचा चेहरा उजळलेला होता. इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. पसरलेला तळहात त्यांनी थोडा वर केला, तिला उतरायला सोपं जावं म्हणून, आणि बोटं जवळ घेतली.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "किती फूट राहिलीय अजून?"

माझी नजर मैदानावर होती. तोंड उघडलं, पण आकडा आला नाही. बाबांना वाटलं असेल मी मोजतेय. ते डबा वाजवत राहिले.